कौन्सिलचा पिअर रिव्ह्यू आणि आईंच्या फाइलमधले अकरा ‘नको’

पागोळी

नमस्कार मंडळी. इंग्लंडात राहणारे आणि घरात म्हातारं माणूस असलेले इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्या सासूबाई (मी आईच म्हणते) १९७४ साली नाशिकहून इथे आल्या. पुढे तीस वर्षं एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली. बँक, बाजार, डॉक्टर, सगळं एकट्या इंग्रजीत निभावायच्या. चार वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आणि गेल्या वर्षभरात इंग्रजी त्यांच्या तोंडून गेलं. आधी वाक्यं गेली, मग सुटे शब्द. आता फक्त मराठी उरलंय, तेही माहेरचं. मला कधी वहिनी म्हणतात, कधी मावशी.

मागच्या हिवाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या. हॉस्पिटलमधून सोडल्यावर कौन्सिलने (म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेने) सहा आठवडे मोफत माणूस दिलं. त्यानंतर रोज दोनदा केअरर, म्हणजे देखभाल करणारी बाई, येते: सकाळी साडेदहाला पाऊण तास, संध्याकाळी अर्धा तास. माणसं सतत बदलतात. दाराबाहेर किल्लीची छोटी पेटी आहे, आकडे जुळवून उघडायची. ओट्यावर निळी फाइल असते, तिच्यात प्रत्येक जण काय केलं ते लिहून जातो. नवरा आणि मी दोघंही नोकरीवर, त्यामुळे ही फाइल आम्ही शेवटच्या ओळीपुरतीच बघायचो.

गेल्या महिन्यात कौन्सिलचं पत्र आलं. अ‍ॅडल्ट सोशल केअर (म्हातारी, आजारी, अपंग अशा मोठ्या माणसांची देखभाल) विभागाचा पिअर रिव्ह्यू आहे, म्हणजे दुसऱ्या कौन्सिलांमधली याच कामातली माणसं येऊन तपासणार आहेत. घरी काळजी घेणाऱ्या काही जणांशी त्यांना बोलायचंय, याल का? जाऊन काय होणार, असं वाटून पत्र बाजूला टाकलं होतं. मग म्हटलं, जायचं तर रिकाम्या हाताने नको. रात्री आई झोपल्यावर निळी फाइल घेऊन बसले आणि पहिल्या पानापासून वाचली.

सलग अकरा दिवस एकच नोंद. ‘अंघोळ सुचवली. नकार.’ चार वेगवेगळी अक्षरं, शब्द मात्र तेच. एकाने पुढे लिहिलं होतं, ‘सहकार्य करत नाहीत.’

आता तुम्हीच सांगा, आईंच्या पिढीतलं कोण पहिल्या विचारण्याला हो म्हणतं? चहा घेता का? नको. बसा की. नको, निघते. दुसऱ्यांदा आग्रह केला की मग ‘बरं, अर्धा कप’. पहिलं नको ही त्यांची रीत आहे. केअररना मराठी येत नाही, पण हात हलवून म्हटलेलं नको कोणालाही कळतं. त्यांनी ते मानलं, लिहिलं आणि पुढच्या कामाला लागल्या. त्यांना दोष देत नाही, त्यांना घाई असते. पण अकरा दिवसांत वरच्या एकालाही ‘का’ असं विचारावंसं वाटलं नाही, हे मला आत कुठेतरी लागलं.

भेट ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत होती. टीम पाच जणांची: दुसऱ्या एका कौन्सिलच्या संचालक, तिसऱ्याच ठिकाणचे एक नगरसेवक, एक मुख्य सोशल वर्कर, वीस वर्षं स्वतःच्या मुलाची काळजी घेतलेली एक बाई, आणि टिपणं काढणारा एक जण. आमच्या कौन्सिलच्या माणसांना खोलीत येऊ दिलं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी नुसत्या तारखा वाचल्या. अकरा तारखा. मुख्य सोशल वर्करने एकच विचारलं, “त्यांची असेसमेंट कोणत्या भाषेत झाली?”

असेसमेंट म्हणजे कोणाला काय मदत लागते याची कौन्सिलने केलेली तपासणी. माझ्याकडे तिच्या फॉर्मची प्रत होती. पहिल्याच पानावर ‘भाषा: इंग्रजी’. चाळीस वर्षं ते खरं होतं, म्हणून कोणाच्या मनात शंकाच आली नाही. माझ्याही नाही.

तर प्रश्न असा. या रिव्ह्यूचं पुढे काय होतं? अहवाल येतो का, कोण वाचतं, कोणावर बंधन असतं का? कोणाला अनुभव असेल तर लिहा.

कंदील

वाचतेय. अकरा नको वाचून आजी आठवली.

उंबरठा

पागोळी, फार नेमकं बोलून आलात तुम्ही. मी इथे एका कौन्सिलमध्ये सोशल वर्कर आहे आणि दोनदा अशा टीममधून दुसऱ्या गावी गेलेय. आतून जे पाहिलं ते सांगते.

पहिली गोष्ट, हे इन्स्पेक्शन नाही. कौन्सिल स्वतःहून बोलावते. २०१० पर्यंत केअर क्वालिटी कमिशन ही तपासणी संस्था दर वर्षी कौन्सिलांच्या सोशल केअरला श्रेणी द्यायचं. ते बंद झालं, तेव्हा कौन्सिलांनी लोकल गव्हर्नमेंट असोसिएशन ही आपली संघटना आणि सोशल केअर संचालकांच्या संघटनेमार्फत एकमेकांना तपासायची पद्धत बसवली. पुढे २०२२ च्या हेल्थ अँड केअर अ‍ॅक्टने कमिशनकडे ते काम परत आलं. २०२३ मध्ये आधी पाच कौन्सिलांवर चाचणी झाली: बर्मिंगहॅम, लिंकनशर, नॉर्थ लिंकनशर, नॉटिंगहॅम आणि सफोक. इंग्लंडात सोशल केअरची जबाबदारी असलेल्या १५३ कौन्सिली आहेत आणि त्या सगळ्यांना हे लागू आहे. ‘आउटस्टँडिंग’पासून ‘इनअ‍ॅडिक्वेट’पर्यंत चार श्रेण्या, आणि तो अहवाल जाहीर होतो. म्हणून कमिशन यायच्या आधी पिअर टीम बोलावून घर झाडून घ्यायचं, असं हल्ली बरंच चालतं. तुमच्याकडेही तेच असावं.

पद्धत साधारण अशी. कौन्सिल आधी स्वतःबद्दल लिहून देते: आम्ही कुठे बरे, कुठे कमी. सोबत आकडे आणि धोरणाचे कागद. काही केस फाइली आधीच वाचून काढतात. मग तीन-चार दिवस मुक्काम, मुलाखतींवर मुलाखती. संचालक, नगरसेवक, हॉस्पिटलची माणसं, केअर एजन्सीवाले, सोशल वर्कर आणि तुमच्यासारखे घरचे. कोण काय बोललं हे नावानिशी कुठेही जात नाही. रात्री टीम एकत्र बसते. कोणी म्हणालं ‘इथे लोकांचं ऐकलं जातं’, तर ते कागदात दिसतं का, आकड्यात दिसतं का, आणि माणसांच्या तोंडून येतं का? तिन्हीकडून आलं तर लिहायचं. एकाच ठिकाणाहून आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खोदायचं. शेवटच्या दिवशी वरिष्ठांसमोर तोंडी मांडणी, काही आठवड्यांनी लेखी अहवाल.

मी स्वतः दोन गोष्टी शोधते. एक, प्रतीक्षा यादी. केअर अ‍ॅक्ट २०१४ मध्ये असेसमेंट किती दिवसांत करायची याला आकडा नाही, सोबतच्या सरकारी मार्गदर्शनात ‘वाजवी वेळेत’ एवढंच आहे. २०२२ मध्ये संचालकांच्या संघटनेनेच मोजलं तेव्हा देशभरात असेसमेंट, सेवा किंवा फेरतपासणीची वाट पाहणारे पाच लाखांवर होते. त्यामुळे यादी आहे का, हे विचारण्यात अर्थ नाही, ती असतेच. मी विचारते की यादीतल्या माणसाला या आठवड्यात फोन कोणी केला? त्याची तब्येत बिघडली तर तुम्हाला कसं कळेल? दुसरं, एकच प्रश्न संचालकांना विचारायचा आणि तोच सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या सोशल वर्करला. उत्तरं जुळली नाहीत की काम कुठे अडलंय ते सापडतं.

तुमच्या अकरा तारखा टीमच्या रात्रीच्या बैठकीत नक्की बोलल्या गेल्या असणार. अशी गोष्ट आकड्यांत कधीच दिसत नाही. आकड्यांत तुमच्या आई ‘सेवा सुरू, प्रतीक्षा शून्य’ अशा दिसतात.

रोखठोक

माहिती चांगली आहे, पण मला हे पटत नाही. २०१६-१७ पासून कौन्सिल टॅक्सच्या बिलावर सोशल केअरची वेगळी ओळ येते आणि ती आम्ही मुकाट भरतो. तपासायला कोण, तर शेजारच्या गावचा संचालक. उद्या याची पाळी, परवा त्याची. एकमेकांना सांभाळूनच घेणार ना? माझ्या वडिलांच्या असेसमेंटला चौदा आठवडे लागले. त्या चौदा आठवड्यांत आईची कंबर धरली. अशा रिव्ह्यूने ते चौदाचे चार होणार आहेत का, एवढंच सांगा.

उंबरठा

रोखठोक, तुमच्या आईंना बरं वाटो. चौदा आठवडे फार झाले. तुमचा राग मला पटतो.

सांभाळून घेण्याचा धोका खरा आहे. कधी बोलवायचं आणि कशावर बोट ठेवायचं, हे कौन्सिल ठरवते. भेटीला कोणाला पाठवायचं याची यादीही तीच करते. अहवाल तिच्या मालकीचा. प्रसिद्ध करायची सक्ती नसते आणि सूचना पाळायचं बंधनही नसतं. टीम पाहुणी असते आणि पाहुण्याला यजमानाच्या घरात कठोर बोलायला जीभ उचलावी लागते. मी एकदा टीमची भाषा मवाळ होताना पाहिलीय आणि गप्प बसले होते. त्याचं अजून वाईट वाटतं.

तरीही मी जाते, कारण तेच काम रोज करणाऱ्याला धूळ कुठे साठते ते माहीत असतं. फाइलमध्ये ‘आढावा घेतला’ लिहिलंय, पण तो फोनवर सात मिनिटांत उरकलाय, हे मला नोंदीच्या वेळेवरून कळतं.

चौदाचे चार होतील का, हे एकट्या रिव्ह्यूवर नाही. माणसं आणि पैसा लागतो, आणि बर्मिंगहॅम नि नॉटिंगहॅम या दोन्ही कौन्सिलांना २०२३ मध्ये पैसे संपल्याची कलम ११४ ची नोटीस काढावी लागली होती. पण तुमच्या वडिलांबाबत एवढं कराच: आधी कौन्सिलकडे लेखी तक्रार, समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समन, म्हणजे कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. उशीर झाल्याबद्दलची तक्रार तिथे घेतात आणि तिला पैसे लागत नाहीत.

पागोळी, अहवालाबद्दल: तुमच्या कौन्सिलच्या स्क्रुटिनी कमिटीची (कारभारावर नजर ठेवणाऱ्या नगरसेवकांच्या समितीची) विषयपत्रिका बघत राहा, बऱ्याच ठिकाणी तो तिथे मांडतात. नाहीच दिसला तर माहिती अधिकारात मागा. इथला कायदा २००० सालचा आहे, कामाच्या वीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

जुनाफळा

मी निवृत्त प्राध्यापक, दक्षिण महाराष्ट्रातल्या एका गावी असतो. पिअर टीम म्हटलं की आम्हाला नॅक आठवतं. १९९४ मध्ये बंगळुरूला ही महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था झाली आणि पुढे महाविद्यालयांना तिची सवय लागली. आमच्या कॉलेजात टीम यायच्या आधी पायऱ्या रंगवल्या, कुंड्या भाड्याने आणल्या, आणि ग्रंथालयाचं तीन वर्षांचं देवघेव रजिस्टर दोन रात्रींत नव्याने लिहून काढलं. मी तेव्हा नवा होतो, शाई भरून द्यायचं काम माझ्याकडे होतं.

टीममध्ये एक वयस्क गृहस्थ होते, स्वतः ग्रंथपाल. त्यांनी रजिस्टर उघडलं, अंगठ्याने चार पानं सरकवली, एका पानावर क्षणभर बोट टेकवलं आणि मिटून ठेवलं. काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “मला मुलांशी बोलायचंय, शिक्षक नकोत.” मुलांनी सांगितलं की ग्रंथालय दुपारी दोनला बंद होतं. तो मुद्दा अहवालात आला आणि पुढच्या वर्षापासून ग्रंथालय सहापर्यंत उघडं राहिलं. म्हणून पागोळीताई, अधिकाऱ्यांना बाहेर ठेवलं हे वाचून मला बरं वाटलं. त्या एका दारामुळे फरक पडतो.

सातपुडा

चर्चा चांगली चालली आहे. मला ‘पिअर’ या शब्दापाशी थांबावंसं वाटतं. संचालकाचा पिअर संचालक. मग आजींचा पिअर कोण?

मी बरीच वर्षं नंदुरबारकडे आरोग्य सेवांवरच्या लोकाधारित देखरेखीचं काम केलंय. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत ते सुरू झालं: पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद आणि नंदुरबार. राज्यपातळीवरची जबाबदारी पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होती. पद्धत अगदी उलटी. तपासणारे म्हणजे सेवा घेणारेच. गावच्या समितीने बसून उपकेंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं: नर्सबाई ठरल्या दिवशी येतात का, औषध बाहेरून आणायला सांगतात का, बाळंतपणाला पैसे मागितले का. मग जनसुनवाई. मांडवात डॉक्टर आणि अधिकारी समोर बसलेले, आणि गावची बाई उभी राहून सांगणार.

पहिल्या जनसुनवाईत बायका बोलेनात. एक म्हातारी उठली, पदर सावरला, पिशवीतून औषधाची रिकामी बाटली आणि दुकानाची पावती काढून टेबलावर ठेवली आणि खाली बसली. एक शब्द बोलली नाही. पुढचा तास अधिकारी त्या पावतीवरच बोलत होते. पागोळींच्या अकरा तारखा वाचून मला ती पावती आठवली.

त्यातही त्रुटी होत्या. मांडवात कबूल केलेलं महिन्याने विसरलं जायचं, पाठपुरावा आम्हालाच करावा लागायचा. आणि गावच्या समितीला प्रयोगशाळेतलं काय चुकतंय ते कळायचं नाही, तिथे उंबरठा म्हणतात तसा जाणकारच हवा. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही नजरा एका खोलीत हव्यात.

पागोळी

सातपुडा, अगदी. त्या पाच जणांत मुलाची काळजी घेतलेली जी बाई होती, तिने मला जे विचारलं ते बाकी कोणी विचारलं नाही. “केअरर गेल्यावर तुम्ही पुन्हा काय काय करता?” मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. डायपर, ओला पलंगपोस, औषधाची डबी, न खाल्लेलं सँडविच. आई सँडविच खात नाहीत. फाइलमध्ये मात्र ‘दुपारचं जेवण दिलं’ असं असतं, आणि दिलेलं असतंच की.

मुठाकाठ

पुण्याहून. इथे बाबांसाठी ब्युरोतून बाई येते, बारा तासांची. तिची वही आम्हीच ठेवतो, आम्हीच वाचतो. ती आजारी पडली की दुसरी येईपर्यंत सुट्टी मला. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे, पण तो मुख्यतः मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासाठी आणि वृद्धाश्रमांसाठी. घरी येणाऱ्या बाईचं काम तपासायला महापालिकेचं माणूस येईल, ही कल्पनासुद्धा मी कधी केली नव्हती.

एक भाबडा प्रश्न. इंग्लंडात हे सगळं मोफत असतं ना? माझा भाऊ तिकडे आहे, बाबांना नेऊ म्हणतोय.

उंबरठा

मुठाकाठ, प्रश्न भाबडा नाही, इथलेही निम्मे लोक तसंच समजतात. दवाखाना मोफत, काळजी नाही. सोशल केअरला उत्पन्न आणि बचत बघतात. बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सगळा खर्च स्वतःचा, आणि हा आकडा २०१० पासून हललेला नाही. घरीच सेवा घेत असाल तर राहतं घर त्यात मोजत नाहीत. केअर होममध्ये कायमचं जायचं झालं की गणित बदलतं. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं, स्कॉटलंडचे नियम वेगळे.

बाबांना नेण्याबद्दल भावाने आधी वकिलाशी बोलावं. अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या व्हिसाचे नियम जुलै २०१२ पासून फार कडक आहेत आणि मिळालाच तरी सरकारी मदत घेता येत नाही.

पागोळी

तीन आठवड्यांनी पुन्हा येतेय, जे झालं ते सांगायला.

अहवाल पुढच्या महिन्यात स्क्रुटिनी कमिटीपुढे येणार आहे, विषयपत्रिकेत दिसला. पण त्याआधीच आमच्याकडे नवी असेसमेंट झाली. सोशल वर्करसोबत मराठी बोलणाऱ्या दुभाषी बाई होत्या, मूळच्या साताऱ्याच्या. त्यांनी आईंना आधी विचारलं, “जेवलात का?” आई दहा मिनिटं बोलत होत्या. महिन्याभरात मी त्यांचं एवढं सलग बोलणं ऐकलं नव्हतं.

आणि अंघोळीचं कारण निघालं. आईंच्या लेखी अंघोळ दिवा लावायच्या आधी. साडेदहाला केअरर येते तेव्हा त्यांची देवपूजा होऊन गेलेली असते, मी कामावर जाताना त्यांच्यासमोर निरांजन लावते. एकदा दिवा लागला की त्यांचा दिवस सुरू झाला, मग कपडे काढायला सांगणारं माणूस त्यांना वेडं वाटतं. शिवाय न्हाणीघराचं दार उघडं ठेवतात, पडतील म्हणून. त्याचीही लाज.

आता आराखड्यात एक नवं पान आहे. भाषा मराठी. पहिलं नको हा नकार धरू नये, दोन मिनिटांनी पुन्हा विचारावं. दाराला पडदा. इंग्रजी लिपीत सहा मराठी शब्द लिहून ओट्यापाशी चिकटवलेत: चला, बसा, गरम आहे, दुखतंय का, झालं. सहावा ‘आजी’, तो सगळ्यांत आधी.

वेळेचं मात्र सुटलेलं नाही. सकाळी आठची जागा एजन्सीकडे रिकामी नाही, यादीत आहोत. तोवर शनिवार-रविवारी मी दिवा उशिरा लावते आणि अंघोळ मी घालते. इतर दिवशी ओल्या फडक्याने पुसून घेतात.

रोखठोक

पागोळी, हे वाचून बरं वाटलं. मी ओम्बुड्समनकडे कागद पाठवलेत.

उंबरठा

छान झालं. पण एक विचारू का? एवढ्या धाग्यात तुमच्या स्वतःच्या असेसमेंटबद्दल एक ओळ नाही. काळजी घेणाऱ्या माणसाचीही वेगळी असेसमेंट असते, केअर अ‍ॅक्टच्या कलम १० मध्ये. ती मागायला आईंच्या संमतीची किंवा त्यांच्या फाइलची गरज नसते. तुमची झालीय?

पागोळी

नाही. मला कोणी सांगितलंच नाही. मी स्वतःला त्यात कधी धरलंच नव्हतं.

उंबरठा

आज मागा. कौन्सिलच्या वेबसाइटवर फॉर्म असेल, नाहीतर फोन करा. आणि पुढच्या वेळी कोणी टीम भेटली तर हेही सांगा, की पत्र पाठवून बोलावलं पण माझी असेसमेंट कोणी केली नव्हती.

पागोळी

फॉर्म उघडलाय. चौथा प्रश्न आहे, ‘रात्री सलग किती तास झोप मिळते?’ तिथे अडलेय. रोज वेगळी असते.

उंबरठा

वाईट रात्रीचा आकडा लिहा. चांगल्या रात्रीचा नको.